कोकणातल्या घरात फरशी घालायची आहे? आधी खालची ओल बघा

देवगड तालुक्यातलं आमचं घर जांभ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. माझ्या लहानपणी माजघराला शेणाची जमीन होती आणि ओटीला लाल कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली सलग जमीन. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी ‘एकदाचं घर नीट करून टाकू’ म्हणून मी ठाण्याहून सुट्टी काढून गेलो आणि तीन आठवड्यांत सगळीकडे चकचकीत पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स घालून मोकळा झालो. आरतीला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं. पुढच्या जूनमध्ये सांध्यांतून पांढरा खार फुटला, माजघरातल्या अकरा टाइल्स पोकळ वाजायला लागल्या आणि ज्या भिंतीला कधी ओल नव्हती तिला कमरेपर्यंत डाग चढला. आई एवढंच म्हणाली, “शेणाची होती तेव्हा पायाला गार लागायची, ओली नाही.”

सगळं उखडून दुसऱ्यांदा केलं, तेव्हा शेजारच्या गावचा एक म्हातारा मिस्त्री बघायला आला. टाइल उचलून त्याने खालची रेती मुठीत दाबली आणि म्हणाला, “दोष टायलीचो नाय, खालच्या मातयेचो.” पुढचं सगळं त्या एका वाक्यातून शिकलेलं आहे. दुकानात आपण तीन-तीन तास टाइलचा रंग निवडतो. टाइलच्या खाली काय आहे, हे मिस्त्रीवर सोडून देतो आणि मिस्त्री ते नशिबावर सोडतो.

हा लेख मुख्यतः जमिनीवर उभ्या असलेल्या कोकणी घरांसाठी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडचा किनारा, गोवा, कुठेही लागू पडेल. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

१. ओल कुठून येते ते ओळखा

ओल एकच नसते. आपल्याकडे तिच्या चार वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

पहिली, जमिनीतून वर चढणारी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत विहीर तोंडाशी येते, म्हणजे जमिनीखालचं पाणी तुमच्या जोत्याच्या अगदी जवळ आलेलं असतं. माती आणि जांभा दोन्ही सच्छिद्र. दिव्यातली वात जसं तेल ओढते तसं ते पाणी वर ओढतात. शेणाच्या जमिनीतून ही ओल सगळीकडून थोडी थोडी हवेत उडून जायची, म्हणून ती कधी डोळ्यांना दिसली नाही. वर टाइल घातली की तिची वाट बंद होते. मग ती सांध्यांतून येते, नाहीतर कडेला सरकून भिंतीत चढते. आमच्या भिंतीचा डाग हा असा आला.

दुसरी, हवेतून बसणारी. पावसाच्या सुरुवातीला दमट दिवशी फरशीला घाम येतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे २७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. जमिनीलगतची फरशी सहज तेवढी गार असते. खाली कितीही प्लास्टिक अंथरा, हा घाम येणारच.

तिसरी, बाजूने शिरणारी. कौलांच्या पागोळ्या थेट जोत्याच्या बुडाशी पडतात, तिथली माती खचते आणि पाणी आत मुरतं. चौथी म्हणजे न्हाणीघराची किंवा मोरीची गळकी पाइप. ती बाराही महिने असते, म्हणून ओळखायला सोपी.

पहिल्या दोघींतला फरक कळण्यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, फरशीवर किंवा कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि एक पूर्ण दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब आले किंवा खालची जागा काळपट झाली, तर ओल जमिनीतून येते. पाणी फक्त वर जमलं असेल तर तो हवेचा घाम. दोन-तीन खोल्यांत करा, एक तुकडा भिंतीच्या कडेला आणि एक मध्यभागी.

इथली फसगत अशी की ही परीक्षा लोक मे महिन्याच्या सुट्टीत करतात. मेमध्ये कोकणातली निम्मी घरं कोरडी ठणठणीत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये करा. गणपतीला जाताच ना गावी, तेव्हाच करा. फक्त परीक्षा, काम नाही.

२. घराबाहेरचं पाणी आधी वळवा

हे काम फरशीचं वाटत नाही म्हणून कोणी करत नाही. पन्हळी बसवा, पागोळीचं पाणी पाइपने जोत्यापासून लांब न्या. जोत्याभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती हवी. खळ्याची, म्हणजे अंगणाची, माती वर्षानुवर्षं चढत गेलेली असते आणि कित्येक घरांत जोतं निम्मं गाडलेलं सापडतं. आमच्याकडे मागीलदारी जोत्याचा एक आख्खा चिरा मातीखाली होता. ती माती काढून चर खणला आणि आत खडी भरली, तेवढ्याने स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची अर्धी ओल त्याच पावसाळ्यात ओसरली. फरशीला अजून हातही लावला नव्हता.

जोत्याभोवती सिमेंटचा पट्टा करायचा असेल तर उतार फुटाला दोन सूत द्या. आठ सुतांचा एक इंच, हे ज्यांना नवीन आहे त्यांनी पाठ करून ठेवा. मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडतं.

३. काय घालायचं ते खोलीप्रमाणे ठरवा

अख्ख्या घराला एकच फरशी हा शहरातला विचार. गावच्या घरात ओटीवर झड येते, स्वयंपाकघरात फणसाचा चीक सांडतो, पडवीत नारळ सोलतात. तिथे सगळीकडे सारखं चालत नाही.

*शेणाची जमीन.* हसू नका. घरात सारवायला माणूस असेल तर मागच्या पडवीला यासारखं काही नाही. पण बंद घरात ती टिकत नाही, वाळवी आणि भेगा दोन्ही येतात.

*कोबा.* सांधे नाहीत, डागडुजी सोपी, खर्च कमी. रेडऑक्साइड घालून लाल केलेला जुना कोबा पन्नास-साठ वर्षांनीही आरशासारखा असलेली घरं मी पाहिली आहेत. अडचण अशी की तसा कोबा घोटणारे हात कमी झालेत. घाईत केलेला कोबा पहिल्याच वर्षी तडकतो. करायचाच असेल तर मध्ये काचपट्ट्या घालून साधारण चार-चार फुटांचे चौकोन पाडून घ्या आणि निदान आठवडाभर त्यावर पाणी साठवून ठेवा. ज्या मिस्त्रीने केलेला जुना कोबा तुम्ही स्वतः पाहिला आहे, त्यालाच काम द्या.

*शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा.* हे सगळे चुनखडकाच्या जातीचे. शहाबादी आणि तांदूर कर्नाटक-तेलंगणाच्या पट्ट्यातून येतात, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून. ओटी, पायऱ्या, खळं यांसाठी माझी पसंती कोट्याला, तीही खरखरीत किंवा लेदर फिनिशला. पॉलिश केलेला कोटा पावसात निसरडा होतो आणि ओटीवर म्हातारी माणसं असतात. चुनखडकाचा एक स्वभाव लक्षात ठेवा, त्याला आंबट सोसत नाही. कोकमाचं आगळ, लिंबू, चिंचेचं पाणी सांडून राहिलं की चकाकी जाते आणि डाग बसतो. मार्बलचंही तेच. कोकणातल्या स्वयंपाकघरात पांढरा मार्बल घालणाऱ्याला मी धाडसी म्हणेन.

*सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड.* बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा असतो. खरा फरक पाणी शोषण्याचा. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, तर भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त. म्हणून भिंतीची टाइल स्वस्त मिळाली म्हणून जमिनीला लावू नका. दुकानदाराला ‘वॉटर ॲब्सॉर्प्शन किती?’ असं विचारा. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं.

ओलसर हवेत चकचकीत टाइल म्हणजे संकट, कारण घाम आला की ती काच होते. मॅट घ्या. घसरण रोखण्याची क्षमता आर-९, आर-१० अशी मोजतात आणि आकडा जेवढा मोठा तेवढी पकड जास्त. माजघराला आर-९ चालेल. न्हाणीघर आणि पडवीला आर-११ शोधा. दुकानातच टाइलवर पाणी ओतून चप्पल काढून उभे राहा. मी राहिलो होतो. लोक बघतात, बघू देत.

*लाकडी लॅमिनेट आणि विनाइल.* लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो. एका पावसाळ्यात कडा फुगतात. विनाइलच्या कडक पट्ट्यांना स्वतःला पाण्याचं भय नाही, पण जमिनीतून ओल येत असेल तर ती खाली अडकते आणि खोलीला कुबट वास लागतो. प्लास्टिकची परीक्षा जिथे नापास झाली तिथे दोन्ही विसरा.

आम्ही शेवटी ओटीला आणि पायऱ्यांना कोटा, माजघर-स्वयंपाकघराला मॅट व्हिट्रिफाइड, न्हाणीघराला एक बाय एकची खरखरीत टाइल आणि मागच्या पडवीला कोबा असं केलं. न्हाणीघरात लहान टाइल मुद्दाम घेतली. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी उतार देता येत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचतं.

४. मोजमाप, खरेदी आणि कागद

सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतात, ती टाइल असते ६०० बाय ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सचा बॉक्स १६ नव्हे, १५.५ चौरस फूट भरतो. १२ बाय १४ ची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. १६ ने भागलं तर अकरा बॉक्स पुरतील असं वाटतं. प्रत्यक्षात कापाकापीचे ७ टक्के धरले की १८० चौरस फूट लागतात, म्हणजे बारा बॉक्स. त्याच टाइलची चार इंची पट्टी कापून भिंतीच्या तळाला लावायची, म्हणजे स्कर्टिंग करायचं असेल तर दोन दारं सोडून सुमारे ४७ रनिंग फूट होतात, त्याला आणखी एक बॉक्स. आणि एक बॉक्स माळ्यावर ठेवायला. एकूण चौदा.

सगळे बॉक्स एकाच वेळी आणि एकाच बॅचचे घ्या. बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो. गाडीतून उतरवतानाच प्रत्येक बॉक्सचा नंबर पाहा. ‘कमी पडले तर नंतर आणू’ म्हटलं की शेड बदलते आणि माजघरात आयुष्यभर दोन रंग दिसत राहतात.

जमवायचं सामान:

- ८०० किंवा १००० गेजचं काळं प्लास्टिक आणि जोडायला रुंद चिकटपट्टी
- सोलिंगचा (फरशीखाली रचायच्या थराचा) दगड, ४० मिलिमीटरची धुतलेली खडी, वाळू किंवा क्रश सँड
- सिमेंट. एका वेळी दहा-बारा दिवस पुरेल एवढंच आणा, कारण आपल्या हवेत गोण्या गाठी धरतात. फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका
- टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला. गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला आहे का ते बघा
- स्पेसर (टाइल्समध्ये सांधा राखणारे तुकडे), ग्राउट (सांधे भरायचा मसाला), दातेरी थापी, रबरी हातोडी, लेव्हलची नळी, लांब अल्युमिनियमची पट्टी, गुण्या (काटकोन बघायला), धुम्मस (माती चोपायला)

सांभाळायचे कागद: टाइल्सचं पक्कं बिल, कारण न वापरलेले बॉक्स परत करताना आणि तक्रार करताना तेच लागतं. वाळू-खडीच्या गाडीचा वाहतूक पास, नाहीतर गाडी अडली की काम अडतं. आणि मिस्त्रीशी ठरलेल्या दराचा साधा कागद. त्यात चौरस फुटाच्या दरात काय काय येतं ते लिहून घ्या: जुनी फरशी उखडणं, मलबा बाहेर टाकणं, स्कर्टिंग, पायऱ्यांची गोलाई, ग्राउट. भांडणं टाइलवरून होत नाहीत, मलब्यावरून होतात.

वाळूबद्दल खास सांगतो. खाडीची वाळू खारट असते. न धुता वापरली तर खार पुढची कित्येक वर्षं फरशीतून फुटत राहतो. आमच्या पहिल्या कामात दोष खालच्या मातीचा होता तसाच या वाळूचाही होता. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा, खारट लागली तर गाडी परत पाठवा.

५. मुहूर्त पंचांगात नाही, हवेत बघा

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आधी संपवा. भराव दाबायला ऑक्टोबरपर्यंत जमीन फार ओली असते, आणि शिमग्याला गडी मिळत नाहीत. नवीन बांधकाम असेल तर जोत्यात भरलेल्या मातीला एक पावसाळा खाऊ द्या. ती बसते, मग उरलेली भर घालता येते. बसायच्या आधी फरशी घातली की दोन वर्षांत मधोमध खोलगट होते.

गणपतीच्या आधी फरशी घालू नका. आमची चूक तीच. ओल्या मातीवर, दमट हवेत, पंधरा-वीस दिवसांत.

६. फरशीखालची तयारी

मला अख्ख्या लेखातला एकच भाग वाचायला सांगायचा झाला तर हा सांगेन. पैसे कमी असतील तर टाइल स्वस्त घ्या, इथे काटकसर नको.

आधी तयार फरशीची पातळी ठरवा. लेव्हलच्या नळीने चारही खोल्यांत भिंतीवर खूण करा आणि तिथून खाली मोजा. जुन्या जमिनीवरच भर घालत गेलात तर फरशी तीन-चार इंच वर येते, दारं तासावी लागतात आणि चौकटीचे पाय ओल्या सिमेंटात गाडले जातात. सागवानाची चौकट असली तरी ती तळातून कुजते. म्हणून खणा. आम्ही साधारण फूटभर खणलं. खणताना भिंतीच्या पायापासून वीतभर अंतर सोडा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीच्या बुडाशी टिकाव चालवू नये.

तळ उघडा पडला की वाळवीचं औषध मारून घ्या. परवानाधारक माणसाकडून, विहीर किती जवळ आहे ते त्याला सांगून. मग माती भरायची असेल तर सहा-सहा इंचांचे थर घाला, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदम फूटभर ओतून वरवर चोपलेली माती खाली पोकळच राहते.

त्यावर दगडी सोलिंग सहा इंच, आणि दगडांमधल्या फटींत जाड खडी. इथे मिस्त्री सवयीने माती किंवा बारीक वाळू भरतो. थांबवा त्याला. बारीक कणांतून पाणी वर चढतं, जाड खडीच्या मोकळ्या जागेतून चढत नाही. ओलीची वात इथेच तुटते. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच.

सोलिंगवर इंचभर क्रश सँडचा थर पसरा, म्हणजे दगडांची टोकं प्लास्टिकला टोचणार नाहीत. त्यावर प्लास्टिक. दोन पट्टे एकमेकांवर निदान सहा इंच चढवा आणि चिकटपट्टी लावा. कडेला भिंतीवर फरशीच्या पातळीपर्यंत वर वळवा. प्लास्टिक अंथरल्यावर त्या खोलीत तुम्ही स्वतः उभे राहा. गडी लोखंडी पाटी ओढतात, फावडं टेकवतात आणि एका दुपारीत चाळण करून ठेवतात. आमच्याकडे दुसऱ्या वेळी पाच ठिकाणी ठिगळं लावली.

वर १:४:८ चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) चार इंच काँक्रीट आणि सात दिवस पाणी. पाणी मारून झालं की लगेच टाइल नको. ते सुकायला दीड-दोन महिने द्या. दिवाळीनंतर सुरू करायला सांगितलं ते यासाठी. सुकलं की पुन्हा एकदा प्लास्टिकची परीक्षा.

आता एक कटू गोष्ट. जुन्या जांभ्याच्या भिंतीत ओल अडवणारा थर, ज्याला डीपीसी म्हणतात, तो नसतो. जमिनीची वाट प्लास्टिकने बंद केली की थोडी ओल भिंतीकडे वळणारच. तिथे सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारून ती दाबू नका. ती आणखी वर चढते आणि छातीच्या उंचीवर फुटते. खालचे तीन-चार फूट सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करा. ओल तिथून उडून जाते. दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागतो, तो मारायचा.

खणणं शक्यच नसेल, म्हणजे भिंती कच्च्या असतील किंवा उंची कमी असेल, तर जुन्या कोब्यावर प्लास्टिक आणि त्यावर अडीच इंचांचं बारीक खडीचं काँक्रीट हा मधला मार्ग आहे. खणून केलेल्यासारखा होत नाही, पण टाइलवर टाइल चिकटवण्यापेक्षा बरा.

७. टाइल बसवताना

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबड्याला ती धरत नाही. जुन्या पद्धतीने रेतीवर ठेवून सिमेंट ओतलं की ती दोन वर्षांनी पोकळ होते. सुकलेल्या सपाट काँक्रीटवर ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पसरून बसवा. खर्च वाढतो, मिस्त्री नाक मुरडतो. काही जण टाइलच्या मागे पाच ठिपके लावून चिकटवतात. पाच ठिपके म्हणजे मधे चार पोकळ्या, आणि त्यांत ओल व मुंग्या दोघी राहतात. सुरुवातीच्या दोन-तीन टाइल्स ओल्या असतानाच उचलून पाहा. पाठ पूर्ण भरलेली हवी.

कोटा आणि शहाबादीला मात्र १:५ चा रेती-सिमेंटचा थरच योग्य, कारण लाद्यांची जाडी कमी-जास्त असते.

सांधा सोडा. ‘पेपर जॉइंट देतो, दिसणार पण नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. टाइल ऊन-थंडीने किंचित हलते. जागा नसेल तर एके दिवशी मोठा आवाज होऊन दोन टाइल्स तंबूसारख्या उठतात. ६०० च्या टाइलला दोन ते तीन मिलिमीटरचा स्पेसर, आणि भिंतीच्या कडेला पाच-सहा मिलिमीटर मोकळे. ते स्कर्टिंगखाली झाकले जातात.

न्हाणीघराला उतार फुटाला एक सूत. टाइल घालण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करून, जाळीचं तोंड बंद करून, दोन दिवस पाणी भरून ठेवा. ओटीला बाहेरच्या बाजूला एवढाच उतार द्या, म्हणजे झडीचं पाणी माजघरात येत नाही. यासाठी मिस्त्रीच्या मागे उभं राहावं लागतं. सपाट काम करण्याची त्यांची सवय सुटत नाही.

ग्राउट एक दिवस थांबून भरा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला इपॉक्सी ग्राउट घ्या, हळद आणि काळी बुरशी दोन्ही धरत नाहीत. बाकी खोल्यांना सिमेंटचं ग्राउट पुरे.

काम संपल्यावर मिस्त्री बाटली काढतो: “ॲसिड मारून चकाचक करून देतो.” देऊ नका. सिमेंटचे सांधे खाल्ले जातात, आणि कोट्यावर ॲसिड पडलं तर पॉलिश गेलंच म्हणून समजा. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडं. वरच्या मजल्यावर जमिनीची ओल नसते, त्यामुळे सोलिंग-प्लास्टिकचा भाग तुम्हाला नको. तुमची ओल न्हाणीघरातून येते. जुन्या टाइलवर नवी चिकटवण्याआधी जुनी पोकळ वाजते का ते ठोकून बघा, पोकळ असेल तर काढाच. आणि सोसायटीचं लेखी परवानगीपत्र आधी घ्या. खालच्या घराच्या छतावर डाग आधीच असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर तो तुमच्याच कामाचा ठरतो.

८. पहिला पावसाळा

फरशीला घाम आलेल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्यात पाणी. पंखा लावा आणि कोरड्या सुती कापडाने टिपा. सतरंज्या, गाद्या, रबरी पायपुसण्या दिवसभर जमिनीवर ठेवू नका, खाली बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे.

घर बंद ठेवून मुंबईला येणाऱ्यांनी झरोके जाळी लावून उघडे ठेवावेत. खिडक्या-दारं घट्ट लावून, फटी कागदाने बुजवून गेलेली घरं गणपतीला उघडली की जो वास येतो तो फरशीचा नसतो, कोंडलेल्या हवेचा असतो.

पहिल्या वर्षी थोडा पांढरा खार येऊ शकतो. नव्या सिमेंटातले क्षार बाहेर पडतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. ओल्या फडक्याने पुसलात तर तो विरघळून परत आत जातो आणि पुन्हा फुटतो. दुसऱ्या वर्षीही तेवढाच आला तर खाली कुठेतरी प्लास्टिक फाटलेलं आहे किंवा पाइप गळते आहे.

ऑक्टोबरमध्ये लाकडी काठी घेऊन प्रत्येक टाइल ठोका, चारही कोपरे आणि मध्य. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा आणि मिस्त्रीला बोलवा. तो येण्यासाठी मजुरीचा दहावा हिस्सा या दिवसापर्यंत स्वतःकडे ठेवायचा, हे काम सुरू करतानाच कागदावर लिहून घ्यायचं असतं. आमच्या मिस्त्रीने तेव्हा कुरकुर केली होती. ऑक्टोबरात आला, माजघरात एकच फुली निघाली, ती टाइल बदलली आणि उरलेले पैसे घेऊन गेला. माळ्यावरच्या बॉक्समध्ये आता तीन टाइल्स आहेत.